आजी, नुकाचा फोन आला होता

आजी, तू बुधवारी गेलीस, आणि रविवारी चार वाजता तुझ्या भावाचा फोन येणार होता. हे तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तो उचलायचा कोणी आणि त्याला सांगायचं कोणी, एवढंच तेवढं तू सांगून गेली नाहीस. बाकी सगळं सांगितलंस की. फ्रीजमधलं दही संपव, खिडकीतल्या झाडाला रोज पाणी घालू नको, मेलंच तर मरू दे, हानोवरच्या भाचीला कळव, ती कागद बघेल. आणि नुकाला काय सांगू असं विचारलं की डोळे मिटून झोपेचं सोंग. भाची तुझ्या नवऱ्याकडची, तिने नुकाला कधी बघितलेलं नाही, तिला तर वाटत होतं तुझं ग्रीनलँडला आता कोणी उरलेलंच नाही. मग राहिलं कोण? फोन वाजला की जी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते ती, मी.

मला कशाकशाची भीती वाटते ते तू एकदा बोटांवर मोजलं होतंस. लिफ्ट, खिडकीवाली सरकारी पाकिटं, कुत्रे, तळघराचा जिना, किंडरगार्टनमधली बाई, आणि ट्राममधला तिकीट तपासणारा, माझ्याकडे तिकीट असलं तरी. दुसऱ्या हाताची बोटंपण संपली तेव्हा तू माझा हात घेतलास आणि त्याच्यावर मोजायला लागलीस. मी काय करू. नववीत शाळा सुटली, आत्याच्या मुलाशी लग्न झालं, तो हुशार निघाला आणि हर्णैच्या बंदरावरून उचलून मला ब्राउनश्वाइगला घेऊन आला, काँक्रीटला भेगा का पडतात त्याच्यावर पीएचडी करायला. चार वर्षं झाली. भेगा अजून पडतायत. हे दिवसभर प्रयोगशाळेत, आणि मी तिसऱ्या मजल्यावर आमच्या सईला कडेवर घेऊन दाराच्या भोकातून जिन्यात बघत उभी.

आपली ओळख वासामुळे झाली, हे मी अजून कोणाला सांगत नाही.

आईने पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी सुके बोंबील आणि जवळा पाठवला होता. मी तो सहा पिशव्यांत बांधून तळघरात आमच्या कपाटात लपवला, तरी चार दिवसांत खालच्या मजल्यावरच्या क्र्युगरकाकांनी जिन्यात चिठ्ठी लावली. त्यांना घराचे नियम सांभाळायला कोणी नेमलेलं नाही, ते आपले आपणच नेमले गेलेत. ह्यांनी चिठ्ठी वाचून सांगितलं की तळघरात ज्या कोणाचं काहीतरी मेलेलं आहे त्याने ते ताबडतोब बाहेर काढावं. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. मला वाटलं आता व्हिसा जाणार, ह्यांची पीएचडी जाणार, आणि हर्णैला लोक विचारतील परत का आलात, तर सांगायचं बोंबलामुळे.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात क्र्युगरकाका, नाक वर करून. माझं जर्मन तेव्हा कृपया, धन्यवाद आणि माझा नवरा घरी नाही, एवढंच. मी तिन्ही एकदम म्हणून टाकलं. तेवढ्यात वरच्या जिन्यावरून तू सपाता फटफट करत उतरलीस, बुटकी, गोल, चपट्या नाकाची, केस पांढरे शुभ्र, आणि मला क्षणभर वाटलं आमच्या बंदरावरची कोणी म्हातारीच आली. तू म्हणालीस, हे मला मागाहून कळलं, वास माझा आहे. माझा मासा आहे. काका म्हणाले, तुम्ही तीस वर्षं इथे राहता, तुमच्या माशाचा वास मला ठाऊक आहे, हा तो नाही. आणि तू शांतपणे सांगितलंस,

"म्हातारपणी वास बदलतो."

मग माझं कोपर धरून मला वर नेलंस. मला वाटलं आता ही ओरडणार. तुझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या स्टँडवर बोटभर लांबीचे मासे ओळीने टांगलेले, आपल्या मांदेलीसारखे. आजी, मी रडायलाच लागले. तुला वाटलं मला घाण वाटली. मी एक तोडून तोंडात टाकला तेव्हा तुला कळलं. आणि मग मी तो चावता चावता थांबले, कारण त्याला मीठच नव्हतं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. मी म्हणायचे मिठाशिवाय मासा सुकतो कसा, किडे पडतील. तू म्हणायचीस मीठ लावतात ज्यांना वारा कमी पडतो त्यांनी. तुमच्याकडे म्हणे गार कोरडा वारा असतो, मासा टांगला की वारा त्याला सुकवतो, माशी फिरकत नाही, मीठ कशाला. मी तुला बोंबील भाजून दिला तर तू पाण्याचे तीन ग्लास प्यायलीस आणि म्हणालीस, चांगला आहे, समुद्रासकट खाल्ला.

तू तिथली शिकाऱ्याची मुलगी. नकाशात वर जे पांढरं पांढरं असतं त्याच्या पश्चिमेच्या काठावरचं गाव. तुझा नवरा जर्मन, जहाजावर इंजिन सांभाळायचा, तो तुला इकडे घेऊन आला आणि मग इथेच वारला, मूलबाळ नाही. तिकडे धाकटा भाऊ नुका. तो कुत्र्यांच्या गाडीने समुद्राच्या बर्फावर जाऊन सील मारायचा. सील म्हणजे पाण्यातलं जनावर, तोंड कुत्र्यासारखं, मिशा असतात. बर्फाला भोक पाडून खालचे मोठे मासेपण काढायचा. हिवाळा सरताना बर्फ मोजायला जर्मन लोक यायचे त्यांनाही हाच कुत्र्यांच्या गाडीतून फिरवायचा, त्यामुळे त्याला जर्मन येतं. म्हणजे डावीकडे, उजवीकडे, थांबा, कॉफी आणि अरे देवा. माझ्यापेक्षा जास्तच.

पहिल्या वर्षी नाताळात त्याचं पार्सल आलं त्यात मासे होते आणि सीलचं सुकं मांस, काळं कुळकुळीत. तू मला मोठ्या मानाने अर्धं दिलंस. ते तसंच चावून खायचं असतं हे मला काय ठाऊक. मी ते भिजवलं, ओलं खोबरं मिळेना म्हणून सुकं भाजून वाटलं, तिरफळं घातली आणि कुकरला आठ शिट्ट्या काढल्या. क्र्युगरकाकांनी जिन्यात चिठ्ठी लावली नाही, ते सरळ दोन दिवस बहिणीकडे राहायला गेले. तू वाटीभर कालवण शेवटपर्यंत खाल्लंस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, बिचारा सील, दोनदा मेला.

सईला किंडरगार्टनमधून आणायला तू यायला लागलीस तेव्हा माझा अर्धा जीव भांड्यात पडला, कारण त्या बाईशी तू बोलायचीस. पण तू यायचीस ते सीलच्या कातड्याचे बूट घालून. एका मुलाची आई सीलची पिल्लं वाचवा म्हणून सह्या गोळा करत होती, कागदावर पांढऱ्या गोंडस पिल्लाचा फोटो, आणि ती सही मागत नेमकी तुझ्यासमोर आली आणि मग तिची नजर खाली गेली. मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. तू तिला तिचे बूट कशाचे म्हणून विचारलंस. ती म्हणाली, कातड्याचे. कोणाच्या? तिला माहीत नव्हतं. तू म्हणालीस, माझा कोणाचा ते मला माहीत आहे, माझ्या भावाने मारला, आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आणि वर तिच्या कागदावर सही केलीस. घरी येताना मी विचारलं सही का केली. तू म्हणालीस पिल्लं वाचायलाच पाहिजेत, पण ती आमच्यापासून नाही, पावसापासून.

मला कळलं नाही तर तू समजावलंस. सीलची मादी समुद्रावरच्या बर्फात घर करते, वरून बर्फाचं छप्पर, खाली पाण्यात उतरायला भोक, आणि पिल्लाला आत ठेवून मासे आणायला जाते. आता कधी कधी भर हिवाळ्याच्या शेवटी पाऊस पडतो. पाऊस पडला की छप्पर बसतं. पिल्लू उघड्यावर. ते अस्वलाला दिसतं, कोल्ह्याला दिसतं, पक्ष्यांना दिसतं. मी त्या दिवशी सईला अंगाखाली घेऊन झोपवलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, आई, मला श्वास घेता येत नाहीये.

टीव्हीवर तुझ्याकडची बातमी लागली की पांढरं अस्वल बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं असायचं. ह्यांना वाईट वाटायचं, मलाही वाटायचं. तू टीव्ही बंद करायचीस. म्हणायचीस, अस्वलाला सगळी दुनिया ओळखते, माझ्या भावाला कोणी दाखवत नाही, तो पण त्याच तुकड्याच्या शेजारी उभा असतो. मग तू सांगितलंस की अस्वलाला बर्फावर सील मिळेना म्हणून ते गावात आलं आणि नुकाच्या बायकोचं मासे सुकवायचा लाकडी मांडव उपसून गेलं. मी सांगितलं आमच्याकडे बिबट्या येतो, कोंबड्या नेतो. तू विचारलंस, त्याचं काय वितळलं? रात्री ह्यांना विचारलं तर हे म्हणाले जंगल. मी दुसऱ्या दिवशी येऊन तुला सांगितलं, जंगल. तू मान हलवलीस, ओळखीच्या माणसाची खबर मिळाल्यासारखी.

आता तळ्याचं. त्याचं मला अजून हसू येतं आणि मग येत नाही. त्या हिवाळ्यात गावाबाहेरचं तळं गोठलं आणि अख्खं ब्राउनश्वाइग त्याच्यावर. बायका, आजोबा, प्रॅममधली बाळं, कोणी बर्फावरून घसरतंय, कोणी सॉसेज खातंय. हे म्हणाले चला. मी येणार नव्हते, पाण्यावर चालायचं म्हणजे काय, पण मग मनात म्हटलं आजी आहे ना, बर्फातलीच ती, ती धरेल. आणि तू काठावर उभी राहिलीस ती राहिलीसच. काठीने टोचलंस. वाकून कान लावलास. परत टोचलंस. हे जाऊन मधोमध उड्या मारून आले, बारा सेंटिमीटर आहे म्हणाले, ट्रक जाईल. तू हलली नाहीस. सई आम्हा दोघींना जर्मनमध्ये भित्रा ससा म्हणाली, एक मोठा ससा आणि एक म्हातारा ससा, आणि बाबाचा हात धरून गेली. आपण दोघी काठावर, हातात काकाओचे, म्हणजे गरम कोकोचे कप, एकमेकींना चिकटून, आणि समोर सगळं गाव नाचतंय.

मी हसत होते, आजी. मला वाटत होतं तू माझी सोबत म्हणून थांबलीस. मग तू सांगितलंस की तुझा चुलतभाऊ आदल्या वर्षी गाडीसकट बर्फातून खाली गेला. त्याच जागी, जिथून त्याचा बाप जायचा, आजा जायचा. तू म्हणालीस,

"वरून तेच दिसतं. खालून पाणी खाऊन गेलेलं असतं. वनिता, मला आता बर्फ वाचता येत नाही."

मी तुझा हात धरला. पहिल्यांदाच मी कोणाचा तरी हात तिला भीती वाटते म्हणून धरला, नाहीतर नेहमी माझाच कोणी धरतं. तुझा हात गरम होता. तू लगेच म्हणालीस, आणि हा काकाओ पण चांगला नाहीये.

दुसऱ्या वर्षीच्या पार्सलमध्ये सील नव्हता, नुसते मासे होते. मी एक तोंडात टाकला आणि ताट तुझ्याकडे सरकवलं. तूही एक टाकलास. खारट होता. नुकाने फोनवर सांगितलं की हल्ली उन्हाळ्यात ऊबपण येते आणि पाऊसपण, टांगलेला मासा सुकायच्या आधी नासतो, माश्या बसतात, म्हणून बायकोने दुकानातून मीठ आणलं. म्हणजे दोन वर्षांचं भांडण मी जिंकले. तू माझ्याकडे असं बघितलंस की जसं काही ते मीठ मीच पोस्टाने पाठवलं. मला जिंकायचं नव्हतं गं. मी म्हटलं, आजी, थोडं कमीच पडलंय, आमच्याकडे ह्याच्या चौपट घालतात. तू म्हणालीस मग तुम्ही जिवंत कसे राहता.

तिसऱ्या वर्षी पार्सल उघडलं तर आत पत्र्याचा डबा, डॅनिश बिस्किटांचा, तो इथे कोपऱ्यावरच्या दुकानातपण मिळतो तो. तू तो टेबलावर ठेवलास आणि त्याच्याकडे बघत बसलीस. सई खूश झाली, चार खाल्ली. तू एकही खाल्लं नाहीस. तू तेव्हा एवढंच म्हणालीस की ज्याच्या घरात मासा आहे तो बिस्किटं पाठवत नाही.

आणि मग तू फोन ऐकायला लागलीस. म्हणजे नुका काय बोलतो ते नाही, त्याच्या मागचं. रविवारी चारला फोन आला की आधी कुत्रे, मग नुका, असं असायचं. चौदा कुत्रे, दाराबाहेर बांधलेले, मला वर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भीती वाटायची, ते हजारो मैल लांब असून. तू त्यांना आवाजावरून ओळखायचीस. मग आवाज कमी कमी झाले. तू विचारायचीस कुत्रे गप्प का, तो सांगायचा झोपलेत, तो सांगायचा जेवलेत, तो सांगायचा वारा उलटा आहे. समुद्र गोठला नाही की गाडी नाही, गाडी नाही की सील नाही, मग कुत्र्यांना घालणार काय, हे तुला कोणी सांगायला नको होतं. पण तो बोलेना, तूही पुढे विचारेनास.

एका रविवारी फोनमागे एक कुत्रं जोरात भुंकलं. दोनदा. तू फोन छातीशी धरलास आणि तुझे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेस. तू हसत होतीस. मला म्हणालीस, भावजय आहे. भुंकून झाल्यावर खोकली. मग फोन कानाला लावून भावाला सांगितलंस की त्या कुत्र्याची छाती भरलेली दिसते, त्याला आल्याचा काढा दे, वनिता देते तसला. फोन ठेवल्यावर बराच वेळ हसलीस, आणि मग मला ताकीद दिलीस की तुला कळलंय हे नुकाला कधी सांगायचं नाही. तो एवढं माझ्यासाठी बायकोला भुंकायला लावतो, म्हणालीस, त्याची मेहनत वाया घालवू नको.

ह्या जानेवारीत तुझ्या छातीत पाणी झालं आणि तुला हॉस्पिटलात नेलं. आणि आता तुझी पाळी आली. नुकाला कळवायचं नाही. तो तिकडे लांब आहे, काळजी करेल, विमान कुठून आणेल. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे, म्हणजे रविवारी चारला फोन मी उचलायचा आणि सांगायचं की तू बाहेर गेलीस. मी म्हटलं मला खोटं बोलता येत नाही. तू म्हणालीस, जर्मनमध्ये येतं, जर्मनमध्ये ते खोटं वाटत नाही.

पहिल्या रविवारी मी सांगितलं तू पोहायला गेलीस. जानेवारीत, त्र्याहत्तराव्या वर्षी. तो म्हणाला बरं. दुसऱ्या रविवारी मी घाबरून म्हटलं, दुकानात गेलीस, बटाटे आणायला. मग त्याने त्याच्या त्या उजवीकडे डावीकडेच्या जर्मनमध्ये सांगितलं की बर्फ मोजणारे लोक त्याला सांगायचे, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. आजी, चार वर्षं इथे राहून रविवारचं दुकान मी उघडलं. मग आपल्याकडे कसं, काही सुचलं नाही की घरचे कसे आहेत विचारतात, तसं मी विचारलं, कुत्रे कसे आहेत.

तो म्हणाला, दोन आहेत. बाकीचे नाहीत. मी स्वतः. आणि बंदुकीचा शब्द त्याला येत नव्हता तर त्याने तोंडाने आवाज काढला, हळू. मग म्हणाला, बहिणीला सांगू नको.

आता माझं काय झालं बघ. तुझी गोष्ट त्याला सांगायची नाही, त्याची गोष्ट तुला सांगायची नाही, तुला ती माहीत आहे हे त्याला सांगायचं नाही, आणि बहुतेक त्यालापण तुझं कळलंय. दोन म्हाताऱ्या माणसांची दोन खोटी, आणि मधे मी, जिला तिकीट असताना ट्राममध्ये घाम फुटतो. हॉस्पिटलात तू विचारायचीस नुका काय म्हणाला. मी सांगायचे मजेत आहे, कुत्रे जेवले. तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचीस, हल्ली छान बोलतेस जर्मन.

बुधवारी मी सईला किंडरगार्टनमध्ये सोडून आले तेव्हा तू जागी होतीस. नर्स म्हणाली बसा. मी बसले. तू काही मोठं बोलली नाहीस, खिडकी बंद कर, गरम होतंय म्हणालीस, म्हणजे उघड म्हणायचं असेल, मी उघडली. बाहेर रिमझिम होती. मग तू नव्हतीस. मी पळून जाईन असं मला कायम वाटायचं असल्या वेळी. गेले नाही. पाय हलले नाहीत म्हण हवं तर.

शनिवारी भाचीने छोटासा कार्यक्रम केला, अर्ध्या तासाचा. अख्ख्या घरातून क्र्युगरकाका आले, काळा कोट, हातात फुलं. परत येताना जिन्यात थांबले, नाक वर केलं, मी सवयीने घाबरले. ते म्हणाले, कसलाच वास येत नाही. आणि रुमाल काढून नाक पुसलं.

रविवारी तुझ्या घरात मी पावणेचारलाच जाऊन बसले, कोट घालून, कारण भाचीने हीटर बंद केला होता. ह्यांनी वाक्य लिहून दिलं होतं देवनागरीत, तुमची बहीण बुधवारी शांतपणे वारली, मला फार दुःख होतंय. मी ते पन्नासदा वाचलं. चारला फोन वाजला. मी उचलला, कागद हातात, आणि अक्षरं दिसेनात. नुका म्हणाला, हालो, नुका बोलतोय. आणि माझ्या तोंडून निघालं,

"नुका, ती दुकानात गेली नव्हती."

मग तो म्हणाला, हो. मग विचारलं कधी. बुधवारी. मग विचारलं एकटी होती का. मी सांगितलं, नाही, मी होते, भीत होते पण होते. तो म्हणाला चांगलं. मग खूप वेळाने त्याने विचारलं, तिला कुत्र्यांचं कळलं होतं?

तू नको म्हणाली होतीस, आजी. पण तू आता सोंग घ्यायला नव्हतीस आणि त्याला कोणाला तरी विचारायचं होतं. मी सांगितलं, हो, कधीपासून. तुझी बायको भुंकून खोकली तेव्हा ती हसत होती, पडायची राहिली. त्याने ते मागे वळून बायकोला सांगितलं असावं, कारण तिकडून एक बाई हसायला लागली, आणि मग त्या हसण्याचं दुसरंच काहीतरी झालं, आणि मग खोकला. मी इकडे कोटात रडत बसले. त्याने म्हटलं, अरे देवा. त्याला तेवढंच येत होतं आणि तेवढं पुरलं. तुझा फोन महिनाअखेर बंद होणार म्हणून मी त्याला आमचा नंबर दिला, एक एक आकडा, दोनदा. का दिला माहीत नाही. कागदपत्रांसाठी लागेल म्हटलं.

आज परत रविवार. चार वाजता आमच्याकडे फोन वाजला. हे म्हणाले तुझ्यासाठी आहे. माझ्यासाठी कधी कोणाचा नसतो.

नुकाला काही सांगायचं नव्हतं. रविवार आहे म्हणाला. सई कशी आहे विचारलं. मी सांगितलं सर्दी आहे. मग तो म्हणाला, थांब. काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, खिडकीचा असावा, आणि त्याने फोन बाहेर धरला.

लाटा होत्या, आजी. छोट्या, दगडांवर येऊन फुटणाऱ्या, मागे जाताना बारीक खडे ओढून नेणाऱ्या. चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नाही. ब्राउनश्वाइगला कुठला समुद्र. मी डोळे मिटले आणि हर्णैच्या धक्क्यावर होते, होड्या लागतायत, आई टोपली घेऊन उभी. मी त्याला म्हणणारच होते, किती छान.

तेवढ्यात तो म्हणाला, ऐकलंस? फेब्रुवारी.

मग मला कळलं तो काय ऐकवतोय. तूच सांगायचीस ना, हिवाळ्यात तुमचा समुद्र मुका असतो, क्षितिजापर्यंत पांढरा, त्याच्यावर चालत जाता येतं. तिथे पाणी होतं. उघडं, हलणारं.

मी ऐकलं, म्हटलं. त्याने विचारलं, खिडकी बंद करू? थंडी आत येते.

त्याला मी हे सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगते, मला तो आवाज अजून हवा होता. मी म्हटलं, थोडं थांब.